बोरहळ्ळीच्या बांधावरची जीप

लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती. पश्चिम सीमेवरच्या एका फील्ड वर्कशॉपमधून माझी पोस्टिंग सोलापूरला निघाली. मी तेव्हा हवालदार होतो. ट्रेड, व्हेईकल मेकॅनिक. सोलापुरात पलटण नाही, छावणी नाही. होतं ते एक लहानसं ट्रेनिंग युनिट. कॉलेजच्या मुलांना कवायत, रायफल आणि नकाशावाचन शिकवणं एवढंच त्याचं काम. एक कॅप्टन, आम्ही मोजके जवान, एक ट्रक आणि एक जुनी जीप.

वर्कशॉपमधले सोबती हसले. म्हणाले, "बिराजदार, घरी चाललास. पेन्शनच समज." माझं गाव मैंदर्गीच्या अलीकडे. घरात कन्नड, बाहेर मराठी. इतक्या वर्षांच्या नोकरीत घराच्या एवढ्या जवळ मी कधी आलो नव्हतो. आईला आनंद झाला. मला मात्र थोडा संकोच वाटला. घराजवळची नोकरी म्हणजे लांबलेली रजा, असं माझं मत होतं. ते सोलापूरने बदललं.

आमचं युनिट एका बंद पडलेल्या गोदामात होतं. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आमची पीटी सुरू व्हायची. नऊ वाजता मुलं यायची. दुपारी गाड्यांची देखभाल. संध्याकाळी रोलकॉल. कमांडर होते कॅप्टन मेहरा. देहरादूनकडचे, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं मोजकं. जीपचा ड्रायव्हर लान्स नाईक बिरू कोळेकर. सांगोला तालुक्यातला, मेंढपाळ घरातला. उंच, सडपातळ, उन्हाने रापलेला. लढाईत त्याने जखमींची गाडी चालवली होती. त्याबद्दल तो स्वतःहून कधी बोलत नसे. गाडीबद्दल मात्र बोलायचा, आणि बोलला की ते खरं असायचं.

जीपची पहिली तक्रार त्याच्याच तोंडून आली. टेंभुर्णीजवळ मुलांचा कॅम्प होता. तो आटोपून आम्ही दोघं हायवेने परत येत होतो. मोडनिंबच्या पुढे समोरून कडब्याने भरलेला ट्रक आला. जीप आपोआप रस्त्याच्या मध्याकडे सरकली. कोळेकरने स्टिअरिंग डावीकडे घेतलं. काही झालं नाही. आणखी घेतलं, तेव्हा तिने एकदम डावीकडे उडी घेतली. ट्रक इतक्या जवळून गेला की कडब्याची पानं माझ्या मांडीवर पडली.

कोळेकरने गाडी लिंबाखाली उभी केली. इंजिन बंद केलं.

"उस्ताद, ही गाडी माझं आयकत न्हाय."

"ओढते की भरकटते?"

"म्हंजी?"

"सारखी एकाच बाजूला जाते का?"

"न्हाय. कवा हिकडं, कवा तिकडं. मी हात फिरवला की जरा येळानं आयकती. तवर तिच्या मनाला यील तिकडं."

मला हवं ते उत्तर मिळालं. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर दोष टायरमध्ये, ब्रेकमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये असतो. दोन्हीकडे भरकटत असेल तर ड्रायव्हरच्या हातापासून चाकापर्यंत कुठेतरी जोड ढिले झालेले असतात. हाताचा हुकूम वाटेत हरवतो. उरलेलं अंतर आम्ही बैलगाडीच्या वेगाने कापलं.

कॅप्टन साहेबांना रिपोर्ट दिला. ते म्हणाले, "गाडी बूढी है. वापस भेज दें?"

जीप परत पाठवली असती तर दुसरी कधी मिळाली असती ते सांगता येत नव्हतं. शिवाय मला ती आवडायची. चेसिस सरळ होती, इंजिन दणकट होतं. मी म्हणालो, "साहब, एक हफ्ता दीजिए."

"हफ्ता मिला."

जीपचं स्टिअरिंग कसं चालतं ते नागरी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ड्रायव्हर स्टिअरिंगचं चाक फिरवतो. खाली एक गिअरची पेटी असते, ती तो फेरा एका लांब दांडीला देते. ती दांडी पुढच्या ॲक्सलवरच्या एका तिकोनी लोखंडाला ढकलते. त्याला बेल क्रँक म्हणतात. ते एका पिनेवर फिरतं आणि दोन आडव्या दांड्यांमधून दोन्ही चाकांना वळवतं. म्हणजे पाच-सहा जोड. प्रत्येक जोड केसभर ढिला असेल तरी सगळे मिळून स्टिअरिंगच्या चाकाला पाव फेरा मोकळा होतो.

अशा वेळी मेकॅनिकची पहिली चूक एकच असते. तो पेटीवरचा स्क्रू आवळतो. चाक घट्ट लागतं, ड्रायव्हर खूश होतो. पण ढिले जोड ढिलेच राहतात आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही. आमच्या जीपवर हे आधीच कुणीतरी केलेलं होतं. त्याला मी दोष देत नाही. सीमेवर कधीकधी तेवढाच वेळ हातात असतो.

मी टायरची हवा सारखी केली. मग गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. कोळेकर सीटवर बसला, मी खाली पाठीवर झोपलो.

"डावं."

चाक किंचित डावीकडे.

"उजवं. पुन्हा. हळू."

तो चाक हलवत राहिला आणि मी एकेका जोडावर हात ठेवत गेलो. जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी मागून हलते, तिथे रोग. यात डोळ्यापेक्षा बोटांना जास्त कळतं. आडव्या दांड्यांची टोकं झिजली होती. बेल क्रँकची पिन तर आतल्या बुशमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या धातूच्या नळीत, अक्षरशः लोलकासारखी हलत होती.

थोड्या वेळाने माझ्याशेजारी कुणीतरी सरकत आलं. कॅप्टन साहेब. कडक इस्त्रीच्या वर्दीत, पाठ ऑइलने भरलेल्या फरशीवर.

"दिखाओ," ते म्हणाले.

मी पिन दाखवली. त्यांनी हात लावून पाहिली. मग ते वरच्या बाजूला पाहत राहिले आणि म्हणाले, "बिराजदार, पूरी पेटी ही हिल रही है."

माझं लक्ष जोडांवर होतं. पेटी चेसिसला ज्या बोल्टांनी बसवतात त्यांतला एक ढिला होता. चाक फिरलं की आख्खी पेटी खसकन सरकायची. ते साहेबांनी पकडलं. मी "राइट सर" म्हणालो आणि मनातून खूश झालो. गाडीखाली येणारा अफसर नशिबाने मिळतो.

दुसऱ्या दिवशी जॅक लावून पुढचं एकेक चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं. ठक् असा आवाज. मी कोळेकरला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. आवाज तसाच राहिला. ब्रेक दाबल्यावर आवाज गेला असता तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला, म्हणजे किंगपिनचा. ज्या खुंटीवर चाक वळतं ती किंगपिन. तिथले पातळ पत्रे कमी करून ती बरोबर आवळली. फार आवळली तर चाक जड, कमी आवळली तर थरथर. चाक वळवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने ओढून पाहिल्यावर समाधान झालं.

दांड्यांची टोकं डेपोतून आली. बेल क्रँकचा बुश मिळेना. तेव्हा कोळेकर मला नरसय्याकडे घेऊन गेला. नरसय्या तेलुगू माणूस, मागांचे सुटे भाग बनवणारा टर्नर. विणकरांच्या गल्लीत त्याचं लेथ मशीन. चारी बाजूंनी मागांचा खडखडाट, त्यात तो ओरडून बोलायचा. त्याने पिन पाहिली, जुना बुश पाहिला आणि विचारलं, "फौजका काम है?"

"हो."

"तो अब्बी करतूं."

त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. गनमेटलचा तुकडा लावला आणि आमच्यासमोर बुश वळवला. मी पिन आत घातली. ती स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरली, कुठे अडकली नाही, कुठे हलली नाही. नरसय्याने ती दोनदा काढून पुन्हा सोडून पाहिली. आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

सगळं बसवलं, पेटीचा ढिला बोल्ट आवळला, ग्रीस भरलं. मग पेटीवरचा आवळलेला स्क्रू सैल करून बरोबर लावला. शेवटी दोरी लावून पुढच्या चाकांचं अंतर मापलं. चाकं पुढच्या बाजूला अगदी किंचित जवळ हवीत, म्हणजे गाडी सरळ रेष धरते. सातव्या दिवशी सकाळी आम्ही साहेबांना घेऊन अक्कलकोट रोडवर कुंभारीपर्यंत गेलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना तुरी. कोळेकर आधी दोन्ही हातांनी धरून बसला होता. मग एक हात सोडला. मग स्टिअरिंगच्या तळाशी नुसती दोन बोटं ठेवली.

"आता कशी आहे?"

"उस्ताद, मी इचार केला की वळती."

परत येताना साहेबांनी स्वतः गाडी चालवली. उतरल्यावर म्हणाले, "अच्छा है." ते एवढं बोलले म्हणजे आम्हाला मेडल मिळाल्यासारखं होतं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस जोरात झाला. सोलापूरकडे खरा पाऊस परतीचाच. तो झाला तर ज्वारी पिकते, म्हणून लोक त्याची वाट पाहतात. त्या वेळी तो थांबेचना. चौथ्या दिवशी सकाळी कलेक्टर कचेरीतून फोन आला. अक्कलकोट तालुक्यात बोरहळ्ळी गावाचा जुना मातीचा तलाव काठोकाठ भरला आहे, बांध पाझरतो आहे. पुण्याहून कुमक निघाली आहे, पण वाटेत रस्ते पाण्याखाली आहेत. वर्दीतली सगळ्यात जवळची माणसं आम्हीच होतो.

कॅप्टन साहेबांनी फॉलइन केलं आणि त्यांच्या हिंदीत हुकूम दिला. "मुलांना घरी पाठवा. फक्त जवान. दोर, फावडी, रिकामी पोती, दोन वायरलेस सेट. वीस मिनिटांत निघायचं."

एक सेट आणि त्याचा ऑपरेटर अक्कलकोटला तहसील कचेरीत सोडला. पुढे काळ्या मातीत ट्रक रुतला. आम्ही चिखल तुडवत, जीप ढकलत दुपारी बाराच्या सुमारास बोरहळ्ळीच्या माळावर पोचलो. गाव तलावाच्या खाली होतं, पण गावकरी शहाणे. सकाळीच गाव रिकामं करून सगळे माळावर आले होते. गावचे पोलीस पाटील गुरप्पा पुढे आले. पन्नाशीचे, डोक्याला पटका, कमरेपर्यंत चिखल.

"गाव समदं वर आलंय साहेब. पण ती वस्ती ऱ्हायली की." त्यांनी बांधाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवलं. "आठ-धा घरं हायती. पाटीमागं वड्याला पाणी, पुडं तळं. येयाला ह्यो बांधच तेवडा हाय."

बांध सुमारे मैलभर लांब. वरची वाट एका बैलगाडीपुरती. डाव्या हाताला तलावाचं पाणी, वाऱ्याने लाटा मारणारं. उजव्या हाताला दोन पुरुष खोल उतार. मधोमध उताराच्या बाजूने गढूळ पाणी झिरपत होतं. स्वच्छ पाणी पाझरलं तर फार चिंता नसते. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहते आहे. धडधाकट माणसं चालत आली असती, पण वस्तीवर म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती, एका माणसाचा पाय मोडलेला होता. निसरड्या मातीवर, त्या वाऱ्यात, त्यांना चालत आणायला वेळ नव्हता.

साहेबांनी बांध पाहिला, जीप पाहिली, मग कोळेकरकडे पाहिलं.

"जाएगी?"

"जाएगी, साब."

"बिराजदार?"

मी म्हणालो, "सर, स्टिअरिंगची जबाबदारी माझी. पहिल्या खेपेला मी सोबत बसतो."

जाताना मातीची पोती न्यायची, ती मध्ये पाझरावर टाकायची, पुढे वस्तीवर जाऊन माणसं आणायची, असं ठरलं. गुरप्पा गावचे गडी घेऊन पोती रचायला बांधावर उभे राहिले.

कोळेकरने फोर व्हील लावलं, हलका गिअर टाकला आणि जीप बांधावर घेतली. दोन्ही बाजूंना चाकाबाहेर वीतभर, कुठे हातभर जमीन. काळी माती साबणासारखी. मागची चाकं घसरायची, पण पुढची चाकं तो सांगेल तिथेच जायची. मोडनिंबजवळच्या त्या दिवसासारखी जीप असती तर शंभर पावलंही गेली नसती. मी बाहेर वाकून चाकाकडे पाहत होतो.

"उस्ताद, तुमी पुडं बगा. खाली बगू नका."

"मी स्टिअरिंग बघतोय."

"त्ये मी बगतोय की."

वस्तीवर पोचलो. तिथे जागा होती, त्याने जीप वळवली. पहिल्या खेपेला मुलं आणि त्यांच्या आया. परत येताना कोणी ओरडलं नाही. एक लहान मुलगी कोळेकरच्या सीटमागे उभी राहून त्याचा खांदा धरून होती. माळावर उतरल्यावर तिने त्याला विचारलं, "पुना नेशील का?" तो म्हणाला, "आता उद्या."

अशा खेपा दुपारभर झाल्या. साहेब माळावर सेट घेऊन उभे होते आणि अक्कलकोटच्या सेटशी हिंदीत बोलत होते.

"हॅलो अल्फा, ब्राव्हो स्पीकिंग. निम्मी वस्ती रिकामी. बांधाचा पाझर वाढतोय. कुमक कुठे आहे? ओव्हर."

"ब्राव्हो, कुमक वळसंगजवळ. पुढे रस्त्यावर पाणी. वेळ सांगता येत नाही. ओव्हर."

"रॉजर. आउट."

चारच्या सुमारास शेवटची खेप उरली. मोडक्या पायाचा माणूस आणि शांतव्वा नावाची म्हातारी. ती घराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. तिला मराठी येत नव्हतं आणि कोळेकरला कन्नड येत नव्हतं. तो मागच्या खेपेला परत येऊन मला म्हणाला, "उस्ताद, तुमी चला. तुमच्या भाषेत सांगा."

मी गेलो. तिच्यासमोर चिखलात बसलो. म्हणालो, "यव्वा, बा. गाड्याग कुंदर." आई, चल, गाडीत बस, एवढाच त्याचा अर्थ. तिने माझ्या वर्दीकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, तू कुणाचा? मी गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. ती उठली. घराला कडी घातली आणि माझा हात धरून जीपमध्ये बसली. घराजवळ नोकरी केल्याचा मला त्या क्षणी पहिल्यांदा अभिमान वाटला.

निम्म्या बांधावर आलो आणि समोर डावीकडची, उताराची कड ढासळली. आवाज फार झाला नाही. ओली भिंत बसावी तशी माती खाली बसली. वाट एका जागी इतकी अरुंद झाली की जीपची चाकं जेमतेम मावतील. पोती रचणारे गडी आमच्याकडे पाहत उभे राहिले. कोळेकरने गाडी थांबवली.

"उस्ताद, तुमी म्हातारीला घिऊन चालत जावा. ह्यो गडी चालू शकत न्हाय. त्याला मी आणतो."

"कोळेकर..."

"स्टिअरिंगची जबाबदारी तुमची हाय न्हवं? मग कशाला काळजी?"

मी शांतव्वाला खांद्यावर घेतलं आणि ती जागा ओलांडली. वळून पाहिलं. जीप आली. उजवी चाकं पाण्याला लागून, डावी चाकं मोडलेल्या कडेवर. कुठे झोल नाही, कुठे झटका नाही. सुतार रंधा ओढतो तशी ती त्या जागेवरून सरळ आली. मी जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या. त्यांतली एकही त्या दिवशीच्या जीपसारखी चालताना पाहिली नाही. माळावर पोचल्यावर लोकांनी मोडक्या पायाच्या माणसाला उतरवलं. वस्ती रिकामी झाली होती.

साहेबांनी शिट्टी फुंकली. "सब वापस! बांध छोडो!"

गडी पळत आले. गुरप्पा सगळ्यांत मागे होते. ते पलीकडच्या बाजूला शेवटचं पोतं दाबत होते. ते निघणार इतक्यात त्या अरुंद जागेवरून पाणी वाहू लागलं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. गुरप्पा पलीकडे अडकले.

कोळेकरने कुणाला विचारलं नाही. जीपमधून दोर काढला, एक टोक जीपच्या हुकला अडकवलं, दुसरं कमरेला बांधलं आणि जीप बांधावर त्या अरुंद जागेजवळ नेऊन उतरला. साहेब आणि मी मागे धावलो. साहेब म्हणाले, "कोळेकर, रुको!" मग त्यांनी गुरप्पांकडे पाहिलं आणि दोर स्वतःच्या हातात घेतला.

कोळेकर पाण्यातून पलीकडे गेला. एकदा पडला, उठला. कमरेचा दोर सोडून त्याने गुरप्पांच्या काखेखालून बांधला. आम्हाला हात केला. आम्ही ओढलं. गुरप्पा बुडत-वर येत अलीकडे आले. त्यांना सोडवायला दोन क्षण लागले. साहेबांनी दोर पुन्हा फेकला. पहिल्यांदा तो वाऱ्याने भलतीकडे गेला. दुसऱ्यांदा बरोबर पडला. कोळेकरने तो पकडला. आमच्याकडे पाहून मान हलवली.

बांधायला त्याला वेळ मिळाला नाही. त्याच्या पायाखालचा बांध गेला. दोराला एकदा जोराचा हिसका बसला आणि दोर सैल झाला. मग सगळं तळं त्या जागेतून खाली गेलं. बोरहळ्ळीची खालची आळी गेली, वस्ती गेली. गावातलं एकही माणूस गेलं नाही.

साहेब सेटजवळ गेले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "हॅलो अल्फा, ब्राव्हो. बांध फुटला. नागरिक सगळे सुरक्षित. आमचा एक जवान बेपत्ता. लान्स नाईक कोळेकर. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओढ्याकाठच्या बाभळीपाशी सापडला. त्याला शोधायला आख्खं गाव बाहेर पडलं होतं. कुमक आली, सरकारी सोपस्कार झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला सांगोल्याकडे त्याच्या गावी नेलं. तो ट्रकमध्ये, पुढे जीप. जीप मी चालवली. शेजारी कॅप्टन साहेब.

गावाबाहेरच्या माळावर त्याचं घर. मेंढ्या वाघुरात, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडलेल्या. त्याचे वडील मायाप्पा खांद्यावर घोंगडं घेऊन उभे होते. कोळेकरची बायको आत बायकांमध्ये होती, मांडीवर तान्हं मूल. आम्ही रायफली उलट्या धरल्या, अखेरची सलामी दिली. सगळं आटोपल्यावर साहेबांनी मायाप्पांना सॅल्यूट केला. मी साहेबांचं बोलणं मराठीत सांगू लागलो. म्हातारबाबांनी हाताने थांबवलं.

"माणसं समदी निगाली का?"

"समदी, बाबा. एकही राहिलं नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "कळप वड्यातनं काडताना मेंडका शेवटाला निगतो. पुडं पळत न्हाय. त्यानं रीत पाळली."

लांब, बाभळीखाली एक माणूस बसला होता. गुरप्पा. सोलापूरहून एसटीने आणि पुढे चालत आले होते. घरापर्यंत यायचा त्यांना धीर झाला नव्हता. कुणीतरी मायाप्पांना सांगितलं, तो बघा, ज्याला वाचवला तो. मायाप्पा त्यांच्याकडे चालत गेले. गुरप्पांनी मान खाली घातली.

मायाप्पा म्हणाले, "लांबनं आलायस. जेवलास का?"

म्हातारबाबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि घरात नेलं. दोघांनी एका ताटात भाकरी मोडली. तोवर मी कॅप्टन मेहरांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे मी नायब सुभेदार होऊन रिटायर झालो. गुरप्पा जिवंत होते तोवर दरवर्षी सुगी झाली की ज्वारी घेऊन त्या घरी जायचे आणि आठ-दहा दिवस मेंढ्यांमागे फिरायचे. कोळेकरचा मुलगा सैन्यात गेला. त्याच्या पासिंग आउट परेडला मी हजर होतो.

गावात राष्ट्रीय सणाला मला बोलावतात. पोरं माझी मेडल बघतात आणि विचारतात, तुमच्याबरोबरचं कोण शहीद झालं, कुठल्या लढाईत? मी उभा राहतो आणि सांगतो, लान्स नाईक बिरू मायाप्पा कोळेकर, बोरहळ्ळीच्या बांधावर. त्यांना ती लढाई माहीत नसते. मी त्यांना बसवतो आणि सांगायला सुरुवात करतो.